खिरीची वाटी परत करणाऱ्या हातांना

१ डिसेंबर हा जागतिक एड्स दिन आणि ६ डिसेंबर हा विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा महापरिनिर्वाण दिन. दोहोंच्या मध्ये जेमतेम पाच दिवस. १ तारखेला शाळेची मुले लाल फितीचे फलक घेऊन प्रभातफेरी काढतात, शासकीय रुग्णालयात दीपप्रज्वलन होते, साहेबांची भाषणे होतात. ६ तारखेला निळा जनसागर चैत्यभूमीवर लोटतो. या दोन दिवसांची कधी गाठ पडत नाही. एचआयव्हीचे काम म्हणजे सरकारचे, डॉक्टरांचे, नाहीतर परदेशी पैशावर चालणाऱ्या संस्थांचे. चळवळीचा त्याच्याशी काय संबंध, असे आपण गृहीत धरून बसलो आहोत. हे गृहीत किती चुकीचे आहे, हे मला एका पक्षकार भगिनीने शिकवले. तिची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून ती हकीकत येथे सांगतो.

ती आली तेव्हा नवरा जाऊन वर्ष झाले होते. नवरा ट्रकवर होता. त्याच्या आजारपणात चाचणी झाली, मग तिची झाली, दोघांनाही लागण. तो गेला आणि तेराव्या दिवशी सासरच्यांनी तिची भांडी ओट्यावरून वेगळी केली. महिन्याभरात खोलीला कुलूप लागले. ती घराच्या हक्कासाठी माझ्याकडे आली होती. कागद पाहिले, नोटीस तयार केली. जाताना ती थांबली आणि म्हणाली, "वकीलसाहेब, घराचं तर लढीन मी. पण बुद्धपौर्णिमेला विहारात खीर घेऊन गेले, तर मंडळातल्या बायांनी वाटी परत केली. म्हणाल्या, ताई, तू नको आणू, लोक खाणार नाहीत."

वाचकहो, ही वाटी कोणी परत केली? गावच्या पाटलाने नाही, देवळाच्या पुजाऱ्याने नाही. चवदार तळ्याचा इतिहास ज्यांच्या लेकरांना तोंडपाठ आहे, त्या आपल्याच माणसांनी परत केली. ज्या समाजाला हजारो वर्षे पाण्याचा थेंब वरून ओतून दिला गेला, त्याच समाजाच्या विहारात एका विधवेच्या हातची खीर विटाळाची ठरली. सोबत जेवल्याने, एका भांड्यात पाणी प्यायल्याने, एका चटईवर बसल्याने एचआयव्ही होत नाही. असुरक्षित लैंगिक संबंध, बाधित रक्त, दूषित सुया आणि बाधित आईकडून बाळाला, एवढेच त्याचे मार्ग. हे आता शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. म्हणजे वाटी परत करणाऱ्यांकडे माहिती होती. तरीही मनातला विटाळ गेला नव्हता, आणि तो पोस्टरने जात नाही.

साथीचा रोग आला की शासन आणि समाज यांच्यापुढे दोन वाटा असतात. एक जबरदस्तीची, दुसरी माणुसकीची. या महाराष्ट्राने दोन्ही वाटा एकाच वर्षी, एकाच शहरात पाहिल्या आहेत. १८९७ साली पुण्यात प्लेग आला. इंग्रज सरकारने घरोघर सोजीर घातले, लोकांना ओढून छावण्यांत नेले. परिणाम काय झाला? लोक आजारी माणसे लपवू लागले. त्याच वेळी क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर माळावर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातील प्लेगग्रस्त मुलाला सावित्रीमाईंनी पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. त्या सेवेतच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ज्याला आज इंग्रजी अहवालांत 'समुदाय-आधारित शुश्रूषा' म्हणतात, त्याची आद्य कार्यकर्ती आपल्या घरातली आहे. आपण तिची जयंती करतो, तिची वाट मात्र विसरतो.

एचआयव्हीच्या बाबतीतही सुरुवात सोजीरांच्या वाटेनेच झाली. १९८६ साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या देशातील पहिल्या बाधित व्यक्तींची नोंद केली. तीन वर्षांत, १९८९ च्या फेब्रुवारीत, गोव्यातील डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी उचलले. त्याचा गुन्हा एवढाच की त्याने रक्तदान केले होते आणि त्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही आढळला होता. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात बाधितांना विलग ठेवण्याची तरतूद होती. म्हापशाच्या जुन्या क्षय रुग्णालयात त्याला दोन महिन्यांहून अधिक काळ डांबून ठेवले. त्याची आई लुसी डिसोझा उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने विलगीकरणाची तरतूद वैध ठरवली. एका वकिलाला हे लिहिताना मान खाली घालावी लागते. गावकुसाबाहेर ठेवण्याचा नियम मनुस्मृतीतच असतो असे नाही. आधुनिक कायद्याच्या पुस्तकातही तो घुसू शकतो. डॉमिनिकने सुटल्यावर बाधितांसाठी 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि १९९२ साली तो गेला. ज्याला समाजाने कोंडले, त्यानेच समाजासाठी दार उघडले.

दुसरी वाट १९९२ च्याच सुमारास सुरू झाली, आणि ती सुरू करणाऱ्या स्त्रिया प्रतिष्ठितांच्या दृष्टीने सर्वांत खालच्या होत्या. कलकत्त्याच्या सोनागाछी वस्तीत डॉ. स्मरजित जाना यांनी गुप्तरोग व एचआयव्ही प्रतिबंधाचे काम हाती घेतले. वस्तीतल्या स्त्रियांना 'लाभार्थी' न मानता त्यांनी कार्यकर्त्या केले. १९९५ मध्ये त्या स्त्रियांची दुर्बार महिला समन्वय समिती उभी राहिली, स्वतःची सहकारी पतसंस्थाही उभी राहिली. आपल्या सांगलीत १९९२ साली मीना शेषू यांच्या 'संग्राम' संस्थेचे काम सुरू झाले आणि १९९६ मध्ये तेथील स्त्रियांनी स्वतःची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद', म्हणजे व्हॅम्प, स्थापन केली. सांगली, मिरज आणि सीमेपलीकडे निपाणीपर्यंतच्या या स्त्रियांमध्ये यल्लम्माच्या नावाने सोडलेल्या देवदासी मोठ्या संख्येने होत्या. म्हणजे त्या कोणाच्या लेकी होत्या, हे या दैनिकाच्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

या कामाचे गमक काय होते? बाहेरची शिकलेली बाई येऊन 'निरोध वापरा' म्हणाली तर वस्ती ऐकते आणि विसरते. गिऱ्हाईक जास्त पैसे देऊन निरोध नको म्हणते, घरवाली दटावते, पोलीस झडतीत सापडलेला निरोध धंद्याचा पुरावा म्हणून दाखवतो. अशा वेळी माहिती असून काय उपयोग? एकटी बाई नाही म्हणू शकत नाही. गल्लीतल्या सगळ्या बाया मिळून नाही म्हणाल्या, तर गिऱ्हाईक जाणार कुठे? म्हणून निरोधाच्या पेटीआधी संघटना हवी होती. त्याच गल्लीतली बाई घरोघर निरोध पोचवू लागली, कोणाला ताप आहे, कोणी दवाखान्यात जायला घाबरते हे तिला आधी कळू लागले. गुंडाने मारले तर दहा जणी पोलीस ठाण्यात जाऊ लागल्या. दवाखान्यात हाड्‌हूड झाली तर जाब विचारू लागल्या. रोगाशी लढाई ही मुळात सत्तेशी लढाई आहे, हे त्यांनी ओळखले. संघटित व्हा हा बाबासाहेबांचा मंत्र त्यांनी आरोग्याला लावला, एवढाच याचा अर्थ. पुढे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, म्हणजे नाकोने, हीच पद्धत आपल्या कार्यक्रमात घेतली. देशात नवी लागण २०१० च्या तुलनेत चाळीस टक्क्यांहून अधिक घटली, त्यात औषधांइतकाच या निनावी स्त्रियांचा, तृतीयपंथीयांचा आणि समलिंगी पुरुषांच्या संघटनांचा वाटा आहे.

येथे एक अवघड प्रश्न येतो, आणि तो टाळून चालणार नाही. चळवळीतले अनेक ज्येष्ठ सहकारी मला म्हणतात, "वकीलसाहेब, या बायांच्या संघटनांचे गोडवे गाता, पण बाबासाहेबांनी काय सांगितले होते?" त्यांचे म्हणणे खोटे नाही. येवल्याच्या घोषणेनंतर काही महिन्यांनी, जून १९३६ मध्ये, परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी देवदासी, जोगतिणी, आराधी, पोतराज यांच्यापुढे भाषण केले. कामाठीपुऱ्यातल्या स्त्रियांना हे लाजिरवाणे जीवन सोडण्याचे त्यांनी कठोर शब्दांत आवाहन केले. देवाच्या नावाने पोरी सोडण्याची प्रथा म्हणजे जातिव्यवस्थेने आपल्या लेकींच्या देहावर बसवलेला कर आहे. तिला 'व्यवसायाचे स्वातंत्र्य' असे गोंडस नाव देऊन आपण मान्यता द्यायची काय, हा सहकाऱ्यांचा सवाल आहे.

माझे उत्तर असे. बाबासाहेबांचा राग त्या स्त्रियांना तिथे ढकलणाऱ्या व्यवस्थेवर होता, आणि त्या स्त्रियांना त्यांनी सभेला बोलावले होते. त्यांच्याशी ते समोरासमोर बोलले. त्यांची वाटी परत केली नाही. वैशालीच्या आम्रपालीचे भोजनाचे निमंत्रण तथागतांनी स्वीकारले आणि लिच्छवी राजपुत्र मागून आले तेव्हाही दिलेला शब्द मोडला नाही. आधी तिचे जेवण स्वीकारले गेले. भिक्षुणी ती नंतर झाली. आपण हा क्रम उलटा करतो. आधी शुद्ध हो, मग पंगतीला बस, असे सांगतो. हा तर ब्राह्मणी क्रम झाला.

देवदासी प्रथा मुळापासून उखडलीच पाहिजे. महाराष्ट्रात त्यासाठी २००५ चा निर्मूलन कायदा आहे, कर्नाटकात १९८२ पासून आहे. पुढच्या एकाही मुलीच्या गळ्यात दर्शन-मणी पडू नयेत यासाठी शाळा, वसतिगृह, जमीन आणि रोजगार हवा, आणि त्यासाठी रस्त्यावर उतरणे हे चळवळीचे काम आहे. पण जी स्त्री आज चाळीस वर्षांची आहे, जिच्यामागे मुले आहेत, तिने प्रथा संपेपर्यंत मरत राहावे काय? व्हॅम्पच्या बाया म्हणतात, आम्हाला उद्धारकांपासून वाचवा. हे वाक्य मला पहिल्यांदा टोचले. मग विचार केला, हरिजनांचा उद्धार करायला निघालेल्यांना आपणही हेच सांगितले नव्हते काय? २००५ साली 'संग्राम'ने अमेरिकी सरकारी मदत नाकारली, कारण तिच्यासोबत वेश्याव्यवसायाविरुद्ध लेखी भूमिका घेण्याची अट होती. पैशासाठी आपल्या माणसांची लाज वाटून घेणार नाही, असे सांगणारी माणसे चळवळीने दूर ठेवावीत असे मला वाटत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही १९ मे २०२२ च्या बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणातील आदेशात स्पष्ट केले, की या स्त्रियांनाही अनुच्छेद २१ अन्वये सन्मानाने जगण्याचा हक्क आहे. तो अनुच्छेद कोणी लिहिला याची आठवण आपल्याला तरी करून द्यावी लागू नये.

आता उपचाराकडे वळू. १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत एआरटी औषधे सुरू केली. त्याआधी आपल्या वस्त्यांमध्ये तरणीताठी माणसे वाळून गेली, ती आपण पाहिली आहेत. पूर्वी शरीरातील सीडी-४ पेशी ठरावीक आकड्याखाली येईपर्यंत औषध मिळत नसे. २०१७ पासून धोरण बदलले. लागण आढळली की लगेच औषध. रोज गोळी घेतली आणि रक्तातील विषाणूचे प्रमाण मोजता न येण्याइतके खाली गेले, तर लैंगिक संबंधातून जोडीदारालाही लागण होत नाही, हे आता शास्त्राने सिद्ध झाले आहे. बाधित गर्भवतीने वेळेवर औषध घेतले तर बाळ निरोगी जन्मू शकते. म्हणजे हा आजार आता मृत्यूचे वॉरंट राहिलेला नाही. मधुमेहासारखा सांभाळत जगण्याचा आजार झाला आहे.

मग अडते कुठे? अडते ते एस.टी.च्या भाड्यावर. अडते बुडालेल्या रोजावर. उसाच्या फडावर सहा महिने गेलेल्या मजुराची गोळी संपते तेव्हा त्याचे केंद्र दोनशे किलोमीटर मागे राहिलेले असते. अडते सासूच्या नजरेवर, कारण डबीवरचे लेबल खरडून ती तांदळाच्या डब्यात लपवावी लागते. कधी सरकारच अडवते. २०२२ च्या उन्हाळ्यानंतर औषधांचा तुटवडा झाला, तेव्हा बाधितांनी दिल्लीत नाकोच्या कार्यालयासमोर महिनाभराहून अधिक काळ धरणे धरले. गोळी सरकार देते. ती गोळी रोज पोटात जाईल याची हमी घर आणि वस्ती देते. नाकोच्या २०२३ च्या अंदाजानुसार देशात २५ लाखांहून अधिक लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि त्यांची सर्वांत मोठी संख्या आपल्या महाराष्ट्रात आहे. यांतली कित्येक माणसे आपल्या विहारात दर रविवारी शेजारी बसून त्रिसरण-पंचशील म्हणत असतील. ती बोलत नाहीत, कारण त्यांनी परत गेलेली वाटी पाहिली आहे.

कायदा आपल्या बाजूने आहे, हे कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये 'एम.एक्स. विरुद्ध झेड.वाय.' या प्रकरणात निकाल दिला, की काम करण्यास सक्षम असलेल्या आणि इतरांना धोका नसलेल्या कामगाराला केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही. तो एक रोजंदारी कामगार होता, आणि न्यायालयाने त्याचे नाव गुप्त ठेवू दिले. पुढे एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २०१७ आला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. या कायद्याने नोकरी, शिक्षण, दवाखाना, भाड्याचे घर यांत भेदभाव करण्यास बंदी घातली. माणसाच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय चाचणी करता येत नाही. त्याची स्थिती दुसऱ्याला सांगता येत नाही. सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे. माझ्या पक्षकार भगिनीची नोटीस मी याच आधारावर काढली. आईबाप गेलेल्या घरात बारा वर्षांवरील समंजस भावंडाला धाकट्याचा पालक म्हणून शाळाप्रवेश, उपचार, बँक खाते अशा कामांसाठी मान्यता मिळू शकते. तक्रारीसाठी राज्याने लोकपाल नेमायचा आहे. त्रुटीही आहेत. औषधोपचार पुरवण्याच्या जबाबदारीत 'शक्य तितके' असे शब्द घालून सरकारने स्वतःसाठी पळवाट ठेवली. आणि लोकपाल कोण, कुठे बसतो, हे तालुक्याच्या माणसाला माहीत नसेल तर कायदा कपाटातच राहतो. तो कपाटातून बाहेर काढणे, हे आपल्यासारख्या वकिलांचे काम आहे.

मग विहारांनी आणि मंडळांनी काय करावे? नवी संस्था काढू नये, प्रकल्प लिहू नये, फलक लावून उद्घाटन तर मुळीच करू नये. चार गोष्टी कराव्यात. पहिली, वर्षावासात ग्रंथवाचन चालते तेव्हा एक दिवस जवळच्या चाचणी केंद्राच्या समुपदेशकाला बोलवा आणि बायका-पुरुषांना, विशेषतः तरुणांना, मोकळेपणाने प्रश्न विचारू द्या. दुसरी, ज्यांना औषध आणायला जायचे आहे त्यांच्यासाठी भाड्याचा छोटा निधी ठेवा. कोणाला कशासाठी दिले हे वहीत लिहू नका. तिसरी, संजय गांधी निराधार अनुदान आणि बालसंगोपन योजनेचे अर्ज भरून देणारा एक कार्यकर्ता प्रत्येक वस्तीत नेमा. एचआयव्हीबाधितांनाही या योजनांत जागा आहे. चौथी, बाधितांच्या स्वतःच्या संघटनांना विहाराची जागा बैठकीसाठी द्या आणि आपण बाहेर बसा. काय हवे ते त्यांना ठरवू द्या.

आणि एक गोष्ट कटाक्षाने करू नये. उत्साहाच्या भरात वस्तीची यादी करू नका, लग्नाआधी चाचणीचा दाखला मागण्याचे ठराव करू नका, 'अमक्याला आहे' ही कुजबुज समाजहिताच्या नावाखाली चालवू नका. गुप्तता मोडली की माणूस दवाखान्याकडे फिरकत नाही, बुवा-बाबाच्या अंगाऱ्याकडे जातो. १८९७ च्या सोजीरांचे काम आपल्या हातून होता कामा नये.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने स्वतःच्या घाणीत पडला होता. इतर भिक्खू त्याच्याकडे पाहत नव्हते, कारण तो संघाच्या काही उपयोगाचा राहिला नव्हता. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. मग भिक्खूंना सांगितले, की तुम्हाला येथे आईबाप नाहीत; तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी. बाबासाहेबांनी आपल्याला जो धम्म दिला तो हा आहे.

त्या भगिनीच्या घराचा खटला चालू आहे. तारखा पडतात, त्या मी पाहतो. खिरीच्या वाटीचा खटला मात्र कुठल्याही कोर्टात दाखल होत नाही. त्याचा निकाल येत्या वैशाख पौर्णिमेला तुमच्या-माझ्या विहारातच लागणार आहे. ती पुन्हा वाटी घेऊन येईल की नाही, मला ठाऊक नाही. म्हणून मंडळाच्या भगिनींना विनंती, की तिची वाट पाहत बसू नका. तुम्हीच तिच्या घरी जा, खीर तिच्याच चुलीवर शिजू द्या, आणि पहिला घास तुम्ही घ्या.